लूसी स्टोनबाई

इ. स. १८१३ सालीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे मिशनरी मुंबईस उतरले, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. त्यांस पाठविणारें अमेरिकन बोर्ड १८१० सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांत स्थापन झालें, आणि त्यास पैसा व माणसें पुरविणाऱ्या मंडळ्या मुख्यत्वेंकरून त्याच भागांतील काँग्रिगेशनल मंडळ्या होत्या. त्यांतील पुष्कळशा खेड्यापाड्यांतल्या, शेतकऱ्यांच्या. अशाच एका खेड्यांत, अशाच एका मंडळींत वाढलेल्या एका मुलीचें चरित्र आज आम्ही सांगणार आहों. लग्न झाल्यावर बायकोनें नवऱ्याचें आडनांव घ्यावें कीं नाहीं, हा प्रश्न अलीकडे वधूवर पाळकांस व उपदेशकांस वारंवार विचारतात. ह्या बाईनें त्याचें उत्तर आपल्या आयुष्यानें दिलें आणि त्याची किंमतही भरली.

लूसी स्टोन हिचा जन्म १३ ऑगस्ट १८१८ रोजीं वेस्ट ब्रुकफील्ड गांवाजवळच्या एका टेकडीवरील शेतघरांत झाला. नऊ भावंडांत ती आठवी. तिच्या जन्माच्या आदल्या सायंकाळीं तिच्या आईनें आठ गायींची धार काढली होती. मुलगी झाली असें कळलें तेव्हां त्या माउलीला वाईट वाटलें. मुलगी नकोशी होती म्हणून नव्हे, तर बाईच्या जातीचें जिणें किती कष्टाचें हें तिला ठाऊक होतें म्हणून. आपल्याकडील आयांना ह्याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. बाप फ्रान्सिस स्टोन कष्टाळू होता, परंतु घरांत त्याचाच शब्द चाले आणि पैसा त्याच्याच मुठींत असे.

लहानपणीं एके दिवशीं लूसीनें उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायांत पति पत्नीवर सत्ता चालवील असें वाचलें, आणि तिला मरावेंसें वाटलें. मग तिच्या मनांत आलें कीं भाषांतर करणारे सगळे पुरुषच होते, त्यांनीं चूक केली असेल; आपण हिब्रू व ग्रीक शिकून मूळ पाहूं. मुलीनें बायबल फेंकून दिलें नाहीं, तें अधिक नीट वाचण्याचा निश्चय केला, हें आम्हांला फार मोठें वाटतें. भाषांतर चुकीचें नाहीं. परंतु तें वचन कोठें आलें आहे हें पाहावें. तें उत्पन्नकर्त्याच्या मूळ योजनेंत नाहीं. पापामुळें जें दुःख आलें त्याच्या वर्णनांत, काट्याकुसळांच्या शेजारीं आहे. आणि शेतांतले काटे उपटणें हें कोणताही ख्रिस्ती शेतकरी पाप मानीत नाहीं.

लूसीच्या दोन भावांना बापानें कॉलेजांत धाडलें. मुलीनें जाण्याची गोष्ट काढली तेव्हां तिला वेड लागलें कीं काय असें त्याला वाटलें. मग तिनें रानांतलीं फळें वेंचून विकलीं व पुस्तकें घेतलीं. सोळाव्या वर्षीं ती गांवोगांवच्या शाळांत शिकवूं लागली. पगार आठवड्यास एक डॉलर, आणि भावाच्या जागीं तेंच काम केलें तरी भावापेक्षां कमी. १८३९ सालीं मेरी लायनबाईंच्या माउंट होल्योक येथील शाळेंत ती थोडे महिने शिकली.

ह्याच काळांत मंडळींत दोन गोष्टी घडल्या. १८३७ सालीं त्या राज्यांतील काँग्रिगेशनल पाळकांनीं एक पत्र काढून मंडळ्यांत वाचविलें. गुलामगिरीविरुद्ध सभांत बोलणाऱ्या ग्रिम्के भगिनींचा रोख धरून त्यांत लिहिलें होतें कीं स्त्रियांनीं लोकांपुढें व्याख्यानें देऊं नयेत. लूसी वरच्या गॅलरींत चुलतबहिणीशेजारीं बसली होती. प्रत्येक वाक्यास ती रागानें त्या बिचारीला कोपरानें ढोसीत होती, आणि तिच्या कुशीवर काळेनिळे वळ उठले असें त्या पुढें हंसून सांगत. दुसरी गोष्ट हंसण्यासारखी नाहीं. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळींत भाग घेतला म्हणून एका डीकनास मंडळींतून काढण्याचा ठराव आला. लूसी मंडळीची पूर्ण सभासद होती. तिनें डीकनाच्या बाजूनें हात वर केला. पाळकानें मोजणाऱ्यास सांगितलें कीं ती सभासद असली तरी मत देणारी सभासद नव्हे. पुन्हां मत घेतलें, पुन्हां तिनें हात वर केला, आणि तो मोजला गेला नाहीं. आम्ही पाळक आहों, आणि ही गोष्ट वाचतांना त्या पाळकाच्या बाजूला उभें राहून पाहण्याचा यत्न आम्हीं केला. तो शुद्ध हेतूनें, रूढीप्रमाणें वागला असेल. परंतु तो न मोजलेला हात मंडळीस किती महाग पडला तें पुढें दिसेल.

नऊ वर्षें पैसे सांठवून १८४३ सालीं ती ओहायोंतील ओबर्लिन कॉलेजास निघाली. स्त्रियांस व आफ्रिकी वंशाच्या लोकांस प्रवेश देणाऱ्या पहिल्या कॉलेजांत तें एक होतें. वाटेंत ईरी सरोवर ओलांडतांना आगबोटीवर खोली घेण्यास पैसा नव्हता. ती रात्र तिनें इतर बायकांबरोबर डेकवरील सामानांत काढली. ओबर्लिनमध्यें ताशीं तीन सेंटांवर भांडीं धुण्याचें काम करी, आणि ग्रीकचें पुस्तक समोर उभें करून हात पाण्यांत असतांनाच धडा पाठ करी. गुलामगिरींतून सुटून आलेल्या मोठ्या माणसांना ती वाचावयास शिकवीत असे. १८४७ सालीं तिला पदवी मिळाली. कॉलेजानें पदवीदानासाठीं निबंध लिहिण्यास सांगितलें, पण तो सभेंत वाचणार मात्र पुरुष, कारण पुरुषांच्या सभेंत स्त्रीनें वाचणें प्रशस्त नव्हे. तिनें निबंध लिहिलाच नाहीं.

येथून पुढें आम्ही त्यांस लूसीबाई म्हणतों. त्यांचें स्त्रियांच्या हक्कांविषयींचें पहिलें व्याख्यान १८४७ सालीं गार्डनर येथें भावाच्या उपासनामंदिरांत झालें. तो भाऊ बोमन पाळक होता, आणि त्यानें बहिणीस आपल्या व्यासपीठावर उभें केलें हें त्याच्या नांवें लिहून ठेवण्यासारखें आहे. पुढच्या वर्षापासून त्या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या पगारी व्याख्यात्या झाल्या. लोक त्यांच्यावर थंड पाणी ओतीत, पुस्तकें फेंकून मारीत. त्यांचा आवाज मात्र गोड होता, आणि मारावयास आलेले ऐकावयास बसत. १८५१ सालीं वेस्ट ब्रुकफील्डच्या मंडळीनें त्यांचें नांव आपल्या यादींतून काढून टाकलें. तोंपर्यंत त्या त्रैक्याच्या शिकवणीपासून दूर गेल्या होत्या, व पुढें युनिटेरियन लोकांत राहिल्या. ही हानि आम्ही लहान मानीत नाहीं. परंतु मूळ भाषेंत शास्त्र वाचण्यासाठीं भांडीं घांसणारी मुलगी मंडळीबाहेर कां गेली, हें विचारतांना तो हात विसरतां येत नाहीं.

लग्न करावयाचें नाहीं असें लूसीबाईंनीं ठरविलें होतें, आणि कारण उघड होतें. त्या काळच्या कायद्यानें नवराबायको मिळून एक माणूस, आणि तें माणूस म्हणजे नवरा. बायकोची मजुरी नवऱ्याची, तिची जिंदगी त्याच्या ताब्यांत, मुलांचा पालक तोच. तिला आपल्या नांवानें करार करतां येत नसे कीं फिर्याद लावतां येत नसे. कांहीं राज्यांनीं हा कायदा सैल करण्यास आरंभ केला होता, पण थोडाच. बायकोचें नांव नवऱ्याच्या नांवांत बुडून जाई तें ह्या कायद्याचें चिन्ह होतें. हें ध्यानांत न ठेवल्यास पुढील सगळा खटाटोप एका शब्दाचा हट्ट वाटेल.

हेन्री ब्लॅकवेल नांवाचा सिनसिनाटीचा एक लोखंडी सामानाचा व्यापारी होता. अमेरिकेंत वैद्यकीची पदवी मिळविणारी पहिली स्त्री एलिझाबेथ ब्लॅकवेल ही त्याची बहीण. तो दोन वर्षें लूसीबाईंच्या मागें लागला. १८५४ सालीं त्यानें ओहायोंत आगगाडींतून एका गुलाम मुलीस सोडविलें, आणि दक्षिणेकडील लोकांनीं त्याला पकडण्यासाठीं बक्षीस लाविलें. तेव्हां बाईंचें मन वळलें. १ मे १८५५ रोजीं आईबापांच्या शेतघरांत रेव्ह. थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन ह्यांनीं त्यांचें लग्न लाविलें. शपथेंतून पत्नीच्या आज्ञाधारकपणाचा शब्द वगळला होता. विधीपूर्वीं वधूवरांनीं मिळून एक निषेधपत्र वाचलें: आम्ही एकमेकांवर प्रीति करून लग्न करतों, पण जो कायदा पत्नीला स्वतःच्या देहावर, कमाईवर व मुलांवर हक्क ठेवूं देत नाहीं त्यास आमची संमति नाहीं, असा त्याचा आशय. वरानें हा कागद स्वतः तयार करण्यांत हात लाविला, ही गोष्ट आमच्या तरुण मित्रांनीं लक्षांत घ्यावी.

नांवाचा निर्णय कांहीं महिन्यांनीं पक्का झाला. लग्नानंतर थोडे दिवस कांहीं कागदांवर लूसी स्टोन ब्लॅकवेल असें छापलें गेलें. त्यांनीं वकिलांस विचारलें. पत्नीनें नवऱ्याचें आडनांव घ्यावें असा कायदा कोठेंच नाहीं, ती केवळ रूढि आहे, असें उत्तर आलें. १८५६ पासून त्या लूसी स्टोन एवढेंच लिहीत. जमिनीच्या कागदांवर मात्र अधिकारी हेन्री ब्लॅकवेलची पत्नी असें पुढें जोडावयास लावीत, आणि त्या तसें जोडीत.

आपल्याकडेही असा कायदा नाहीं. रूढि मात्र अधिक खोल आहे. कित्येक घरांत आडनांवच नव्हे तर मुलीचें स्वतःचें नांवही तबकांतल्या तांदळांवर बोटानें लिहून बदलतात. आमच्या लक्ष्मीबाई टिळक माहेरीं मनकर्णिका होत्या. पवित्र शास्त्राकडे पाहिलें तर सारायची सारा झाली ती देवानें केली, अब्राहामानें नव्हे. रूथ बवाजाच्या घरीं आली तरी शास्त्र तिला मवाबीच म्हणतें. आणि आईबापांस सोडून पत्नीशीं जडून राहावें असें जेथें सांगितलें आहे, तेथें सोडणारा पुरुष आहे. बाप्तिस्म्याच्या वेळींही हाच प्रश्न आला होता. लूसीबाईंच्या लग्नाच्या आदल्या वर्षीं बेळगांवीं बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा झाला; ते बाबा पदमनजीच राहिले. नारायण वामन टिळक ख्रिस्ताचे झाले, पण नांव तेंच राहिलें. प्रभूचें होण्यास जर नांव सोडावें लागत नाहीं, तर पतीचें होण्यास तें सोडलेंच पाहिजे असें आम्हांस शास्त्रांतून दाखवितां येत नाहीं. एका घराचें एक नांव असावें असें मानणाऱ्या भगिनीही चुकत नाहींत. मुलांच्या शाळेंत व इस्पितळांत त्यानें सोय होते. परंतु नोंदवहीत सही करतांना वधूला विचारल्यावांचून तिचें नवें नांव कोणीं भरूं नये, एवढें उपदेशक बंधूंस आमचें सांगणें आहे.

१८५७ सालीं लूसीबाईंस मुलगी झाली. तिचें नांव ॲलिस स्टोन ब्लॅकवेल ठेविलें. घर न्यू जर्सींत ऑरेंज येथें बाईंच्या नांवें होतें. मत देण्याचा हक्क नसतां कर कसला, म्हणून त्यांनीं करपट्टी परत केली. १८५८ च्या जानेवारींत सरकारनें टेबल, खुर्च्या व भिंतीवरचीं चित्रें लिलांवांत काढलीं. एका शेजाऱ्यानें तीं घेऊन परत आणून दिलीं. पुढें कांहीं वर्षें मुलीच्या संगोपनासाठीं त्यांनीं व्याख्यानें बहुतेक बंद ठेविलीं, आणि ह्याबद्दल जुन्या मैत्रिणींनीं कुरकुर केली. १८६९ सालीं चळवळींत फूट पडली. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांस आधीं मत मिळत असेल तर मिळूं द्यावें, असें म्हणणाऱ्या पक्षांत लूसीबाई होत्या. १८७० सालीं त्यांनीं बॉस्टनमध्यें वुमन्स जर्नल नांवाचें साप्ताहिक काढलें व शेवटपर्यंत पतीसह चालविलें. ह्याच शहरांत १८८७ सालीं पंडिता रमाबाईंच्या शाळेसाठीं रमाबाई असोसिएशन स्थापन झालें.

आतां सर्वांत कठीण प्रसंग. १८७९ सालीं मॅसॅच्युसेट्सनें शाळासमितीच्या निवडणुकीपुरतें स्त्रियांस मत दिलें. ज्यासाठीं तीस वर्षें बोलल्या तें थोडेंसें कां होईना दारीं आलें. बाईंनीं नांव नोंदविलें. अधिकाऱ्यांनीं कळविलें कीं ब्लॅकवेल अशी सही केली तरच चालेल. एक शब्द लिहिला असता तर मत देतां आलें असतें. त्यांनीं लिहिला नाहीं, आणि नांव यादींतून काढलें गेलें. मंडळीच्या यादींतून एकदां, मतदारांच्या यादींतून एकदां. त्यांनीं आयुष्यांत कधींच मत दिलें नाहीं. त्यांनीं हट्ट केला असें म्हणणारे तेव्हांही होते. आम्हांस स्वतःला त्या दिवशीं काय करावें हें ठरवितां आलें नसतें. आपल्या देशांत १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून वगळावीं लागलीं, तें उलट कारणानें: त्यांनीं स्वतःचें नांव न सांगतां अमक्याची बायको किंवा तमक्याची मुलगी एवढेंच सांगितलें होतें.

लूसीबाई १८ ऑक्टोबर १८९३ रोजीं बॉस्टनमधील डॉर्चेस्टर येथें, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं, वारल्या. अडतीस वर्षांच्या संसारांत पतीनें नांवावरून त्यांस कधीं अडविलें नाहीं. तो १९०९ पर्यंत जगला व मुलीबरोबर तेंच साप्ताहिक चालवीत राहिला. १९२० सालीं अमेरिकेच्या घटनेंत दुरुस्ती होऊन स्त्रियांस मत मिळालें. त्याच सुमारास रूथ हेल नांवाच्या वृत्तपत्रकार बाईनें आपल्या स्वतःच्या नांवाचा पासपोर्ट मागितला; सरकारनें नवऱ्याचें नांव घातल्यावांचून तो देण्याचें नाकारलें, आणि तिनें परदेशचा प्रवास रद्द केला. १९२१ सालीं तिनें न्यूयॉर्कमध्यें अशा स्त्रियांची एक संस्था काढली व तिला लूसी स्टोन लीग असें नांव दिलें.