इंजिनाचा आजार आणि शिशाचे औषध

पेट्रोलचे जुने इंजिन चढावर ओझ्याखाली आले की आतून टकटक आवाज येऊ लागतो. लोखंडावर हातोडी मारावी तसा. मेकॅनिक याला ‘नॉकिंग’ म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी या तक्रारीने मोटार आणि विमान बनवणाऱ्यांना हैराण केले होते. तिचे निदान आणि त्यावरचे औषध, दोन्ही थॉमस मिजली यांच्या नावावर आहे. त्या औषधाचे दुष्परिणाम मात्र साऱ्या जगाने सोसले.

मिजली यांचा जन्म १८८९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून ते मेकॅनिकल इंजिनीअर झाले आणि १९१६ मध्ये डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. पहिल्या महायुद्धात केटरिंग यांच्या वैमानिकाविना उडणाऱ्या छोट्या विमानाच्या कामात आणि नंतर विमानाच्या इंधनावरील संशोधनात त्यांचा सहभाग होता.

टकटकीचे खापर तेव्हा ठिणगीवर फोडले जाई. ठिणगी वेळेआधी पडते, असा समज होता. मिजली यांनी सिलिंडरला खिडकी बसवून आतला जाळ पाहिला, दाबाची नोंद घेतली आणि दोष इंधनात असल्याचे दाखवून दिले. ठिणगी वेळेवरच पडते. जाळ पसरू लागतो, पण कोपऱ्यात उरलेले इंधन-हवेचे मिश्रण दाब आणि उष्णतेने आपोआप पेट घेते. तोच हा दणका. त्यात ताकद वाया जाते आणि पिस्टनची हानी होते. ठिणगी थोडी उशिरा पाडली किंवा सिलिंडरातला दाब कमी ठेवला तर आवाज थांबतो, पण इंजिनाचा जोरही घटतो. म्हणजे ताप उतरवण्यासाठी रोग्याला उपाशी ठेवण्यासारखेच.

इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषेल, अशी एक कल्पना निघाली. रंग हाताशी नव्हता म्हणून आयोडीन घातले, आणि टकटक कमी झाली! इतर लाल रंगांनी मात्र काहीच फरक पडला नाही. म्हणजे गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. मग एकेक मूलद्रव्य तपासण्याचा सपाटा सुरू झाला. टेल्युरियम उपयोगी ठरले, पण लसणासारखा त्याचा वास अंगाला चिकटून राही. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. गॅलनभर पेट्रोलला जेमतेम ३ मिलिलिटर पुरे होत. १९२३ मध्ये ते विक्रीला आले.

शिसे विषारी आहे, हे वैद्यकाला रोमन काळापासून ठाऊक होते. खुद्द मिजली यांनाही शिशाची बाधा झाली आणि १९२३ च्या सुरुवातीला विश्रांतीसाठी फ्लोरिडाला जावे लागले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग बनवणाऱ्या पाच कामगारांचा मृत्यू झाला. अनेकांना भ्रम आणि झटके येऊ लागले. तरीही त्याच महिन्याच्या अखेरीस मिजली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुतले आणि त्याची वाफ हुंगून दाखवली. औद्योगिक आजारांच्या तज्ज्ञ डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी धोक्याचा इशारा दिला होता. पण १९२६ मध्ये सरकारी समितीने बंदीला पुरेसे कारण नाही असे ठरवले.

खरी गफलत इथेच झाली. एकदा हुंगून माणूस कोसळला नाही, म्हणजे पदार्थ सुरक्षित, असे होत नाही. शिसे हळूहळू साठते, मुख्यतः हाडांत. लहान मुलांचा वाढता मेंदू त्याला सर्वाधिक बळी पडतो. बुद्धी, एकाग्रता आणि वर्तन यांवर परिणाम होतो आणि बाहेरून काही दिसतही नाही.

पुढे मिजली यांनी शीतकपाटांसाठी फ्रेऑन वायू शोधला. त्या काळच्या विषारी वायूंपेक्षा तो खरोखर सुरक्षित होता. त्याच कुळातील वायू ओझोनच्या थराला घातक असल्याचे त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी कळले. १९४० मध्ये त्यांना पोलिओने गाठले. अंथरुणातून उठण्यासाठी त्यांनी स्वतःच दोऱ्या आणि कप्प्यांची योजना केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत अडकून त्यांचा मृत्यू झाला. वय होते ५५.

भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. जगात ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तिथे ते २०२१ मध्ये थांबले. हवेतले शिसे त्यामुळे घटले, पण धोका संपलेला नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या भट्ट्या, जुना रंग, भेसळीची हळद यांतून ते आजही शरीरात जाऊ शकते. असे काम करणाऱ्यांनी कामाचे कपडे घरी आणू नयेत, जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. घरातील मुलाला सतत पोटदुखी, रक्तक्षय किंवा अभ्यासात अकारण घसरण असेल तर डॉक्टरांना घरातल्या कामाविषयी आवर्जून सांगावे. रक्तातील शिसे साध्या रक्ततपासणीत कळते.