वनमहोत्सवाचे प्रवर्तक कन्हैयालाल मुन्शी

मैलापूर (चेन्नई) : कपालीश्वर मंदिरालगतच्या ईस्ट माडा स्ट्रीटवर भारतीय विद्या भवनाचे चेन्नई केंद्र आहे. संगीत, नृत्य आणि प्रवचने यांमुळे ते शहरभर परिचित आहे. या संस्थेचे संस्थापक कन्हैयालाल माणेकलाल मुन्शी यांचे कार्य मात्र संस्कृतीच्या क्षेत्रापुरते मर्यादित नव्हते. वृक्षलागवडीला राष्ट्रीय उत्सवाचे रूप देणारे केंद्रीय मंत्री तेच होत. देशाच्या राजकारणात परंपरावादी म्हणून ओळखल्या गेलेल्या या नेत्याने वनरक्षणाचा प्रश्न शासनाच्या दप्तरातून लोकांच्या अंगणात आणला.

मुन्शी यांचा जन्म 30 डिसेंबर 1887 रोजी नर्मदाकाठच्या भडोच येथे झाला. बडोदा महाविद्यालयात अरविंद घोष त्यांचे अध्यापक होते. पुढे मुंबई उच्च न्यायालयातील नामवंत वकील आणि गुजरातीतील लोकप्रिय कादंबरीकार अशी दुहेरी कीर्ती त्यांनी मिळविली. 1928 च्या बारडोली सत्याग्रहाने ते राजकारणात ओढले गेले. 1937 मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात ते मुंबई प्रांताचे गृहमंत्री झाले आणि 1938 मध्ये त्यांनी भारतीय विद्या भवनाची स्थापना केली. संविधान सभेच्या मसुदा समितीचेही ते सदस्य होते.

मे 1950 मध्ये केंद्रीय अन्न व कृषी खाते त्यांच्याकडे आले, तेव्हा देश अन्नटंचाईने ग्रासलेला होता. फाळणीमुळे पंजाब व सिंधमधील कालव्यांखालची सुपीक जमीन गेली होती आणि परदेशी धान्यावर विसंबून राहावे लागत होते. पडीक जमीन नांगराखाली आणण्याचा दबाव प्रचंड होता. अशा काळात झाडांची गोष्ट काढणे अनेकांना अप्रस्तुत वाटण्याजोगे होते. तरीही मुन्शी यांनी त्याच वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात देशभर वनमहोत्सव सुरू केला. 1947 च्या जुलैत दिल्लीत वृक्षारोपण सप्ताह झाला होता. त्या कल्पनेला त्यांनी राष्ट्रव्यापी स्वरूप दिले.

त्यांच्या दृष्टीने अन्न आणि वन हे परस्परविरोधी प्रश्न नव्हते. झाडे गेली की पाणी जमिनीत मुरत नाही, पाणी नसेल तर पीक नाही आणि पीक नसेल तर जीवन नाही, अशी त्यांची साधी मांडणी होती. पाण्याचे चक्र आणि मातीच्या पोषणाचे चक्र ही दोन्ही चक्रे खंडित झाल्याने शेती दुबळी झाली आहे, असे ते सांगत. जंगल तुटल्यामुळे गावात सरपण उरले नाही, म्हणून शेण चुलीत जाते आणि शेत खताला मुकते, हे त्या काळच्या खेड्याचे वास्तव या मांडणीला बळ देणारे होते.

सोमनाथ मंदिराच्या पुनर्निर्माणात मुन्शी अग्रभागी होते. 1951 मध्ये तेथे प्राणप्रतिष्ठा झाली, तेव्हा ते कृषिमंत्रीच होते. मंदिर आणि वन या दोन्हींकडे पूर्वजांची ठेव म्हणून पाहण्याची त्यांची वृत्ती होती. वृक्ष लावणे हे पुण्यकर्म, हा संस्कार समाजात जिवंत होता. त्यालाच त्यांनी आवाहन केले. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराचा स्थलवृक्ष पुन्नाग आहे, ज्याला कोकणात उंडी म्हणतात. या वृक्षाखाली पार्वतीने मोराच्या रूपात शिवाची आराधना केल्याची कथा सांगितली जाते. महाराष्ट्रातील देवराया हीच परंपरा सांगतात.

मे 1952 मध्ये, त्यांच्या मंत्रिपदाच्या अखेरीस, स्वतंत्र भारताचे पहिले राष्ट्रीय वनधोरण जाहीर झाले. देशाच्या एक तृतीयांश भूमीवर वने असावीत. डोंगराळ प्रदेशात हे प्रमाण 60 टक्के आणि सपाट प्रदेशात 20 टक्के असावे, असे उद्दिष्ट त्यात होते. मात्र याच धोरणाने जंगलालगतच्या गावांच्या हक्कांपेक्षा राष्ट्रीय गरजांना वरचे स्थान दिले. त्यातून उद्भवलेला वनवासींच्या हक्कांचा प्रश्न पुढील अनेक दशके धगधगत राहिला.

1952 ते 1957 या काळात मुन्शी उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते. नंतर सहकारी शेतीच्या धोरणावरून काँग्रेसशी मतभेद झालेले नेते 1959 मध्ये मद्रासमध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्याभोवती एकत्र आले. तेथे घोषित झालेल्या स्वतंत्र पक्षाच्या धुरीणांत मुन्शीही होते. जमिनीवरील शेतकऱ्याची मालकी आणि सरकारी नियंत्रणाला विरोध हे या पक्षाचे प्रमुख मुद्दे होते. वनांचा प्रश्न मात्र त्याच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी कधी आला नाही. 8 फेब्रुवारी 1971 रोजी मुंबईत मुन्शी यांचे निधन झाले.

वनमहोत्सवावर आरंभापासून टीकाही झाली. रोपे समारंभपूर्वक लागतात, पण उन्हाळ्यात त्यांना पाणी कोण घालणार, हा प्रश्न आजही कायम आहे. जुलैचा पहिला आठवडा महाराष्ट्रात पावसाच्या भराचा असतो. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. एका तारखेचा उत्सव सर्व मातींना सारखा मानवत नाही. एक तृतीयांश भूमीचे उद्दिष्ट 1988 च्या वनधोरणानेही कायम ठेवले. 2023 च्या अहवालानुसार देशातील वन व वृक्ष आच्छादन 25.17 टक्के आहे. मुन्शी यांच्या कार्यकाळात आखलेल्या त्या रेषेपर्यंत देश अद्याप पोहोचलेला नाही.