डॉ. भीमराव आंबेडकर : दास्य व त्याची भरपाई

सोलापूर शहराजवळ वळसंग म्हणून गांव आहे. तेथील अस्पृश्य मानलेल्या लोकांस सार्वजनिक पाणवठा बंद होता, म्हणून त्यांनीं स्वतः विहीर खोदली. आणि १९३७ सालीं डॉ. आंबेडकर यांच्या हस्तें ती खुली झाली. त्यांचें चरित्र वाचकांस ठाऊकच आहे. तथापि त्यांतील एक भाग आपल्या मंडळ्यांत फारसा सांगितला जात नाहीं.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथें झाला. शाळेंत त्यांस वेगळें बसावें लागे, व दुसऱ्यानें वरून ओतल्यावांचून पाणी मिळत नसे. पुढें सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या साह्यानें ते १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. विद्यापीठाला लागूनच हार्लेम हा भाग आहे. तेथें कृष्णवर्णीयांची वस्ती त्या वेळीं वाढत होती. अमेरिकेंत गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली, परंतु सुटलेल्या बहुतेकांस ना जमीन मिळाली, ना पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांचा मोबदला.

डॉक्टरांनीं आपल्या लेखनांत गुलामगिरी व अस्पृश्यता यांची तुलना केली आहे. गुलाम हा धन्याचें धन असल्यामुळें धनी निदान स्वार्थासाठीं तरी त्यास जगवी; अस्पृश्य जगो वा मरो, त्याचें ओझें कोणावरच नसे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. यावरून गुलामगिरी सौम्य होती असें मात्र कोणी समजूं नये. जहाजांच्या तळाशीं जे मेले त्यांचा हिशेब अद्याप कोणीं चुकता केलेला नाहीं.

आपल्याकडील दास्याचें नांव वतन असें होतें. थोडी इनाम जमीन व बलुतें एवढ्यावर महारानें रात्रंदिवस सरकारचें व गांवचें काम करावें, आणि तो घरीं नसल्यास घरच्या माणसांनीं तें उरकावें! ज्यांच्या वाडवडिलांनीं हें सोसलें त्यांस अधिक सांगावयास नको. हें जूं काढण्यासाठीं डॉक्टरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत बिल आणलें, परंतु तें तडीस गेलें नाहीं.

१९३८ च्या जानेवारींत सोलापूर येथें ख्रिस्ती लोकांच्या सभेंत त्यांचें भाषण झालें. बुद्ध व ख्रिस्त या दोघांनीं आपलें मन वेधलें आहे असें त्यांनीं सांगितलें खरें, पण पुढें कानउघाडणीहि केली. दक्षिणेंत ख्रिस्ती झालेले लोक उपासनामंदिरांतहि जातिभेद पाळतात, आणि ख्रिस्ती समाज आपल्या राजकीय हक्कांविषयीं उदासीन राहतो, हें त्यांनीं स्पष्ट बोलून दाखविलें. तें कोणास झोंबलें असेल. पण खोटें नव्हतें.

१९४६ सालीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या एका संस्थेनें आपल्यावरील अन्यायाचा अर्ज संयुक्त राष्ट्रसंघापुढें ठेवला. हें वर्तमान कळतांच डॉक्टरांनीं तेथील विख्यात पंडित ड्यू बॉइस यांस पत्र लिहिलें. दोहोंची स्थिति सारखीच आहे, आम्हींहि असा अर्ज करावा असें मनांत आहे, तरी त्याच्या प्रती मिळाव्या, असा पत्राचा आशय होता. ड्यू बॉइस यांनीं अगत्यानें उत्तर दिलें व अस्पृश्यांविषयीं सहानुभूति कळविली. पुढल्याच वर्षीं, १९४७ सालीं, त्यांच्या देखरेखीखालीं दुसरा विस्तृत अर्ज राष्ट्रसंघाकडे गेला.

इकडे १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता व वेठ दोन्ही बंद केलीं. राखीव जागांस कित्येक लोक दान म्हणतात. आमच्या मतें ती जुन्या कर्जाची फेड होय, व तीहि अपुरी. डॉक्टर ६ डिसेंबर १९५६ रोजीं वारले. गांवकामगारांचीं कनिष्ठ वतनें रद्द करणारा कायदा मुंबई राज्यांत त्यानंतर, १९५८ सालीं झाला.