घराला सायरन बसवला, पण वेळेवर वाजेना? अर्देशीर गोदरेज यांच्या कुलपांत दडलंय उत्तर

इंद्रायणीकाठचं, आळंदीच्या शेजारचं चऱ्होली आता ओळखू येत नाही. शेतं होती तिथे दहा-बारा मजल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्यात. इथे राहणारे बरेच जण भोसरी आणि चाकणच्या कंपन्यांत शिफ्टमध्ये काम करतात. नवरा-बायको दोघंही कामावर असले की फ्लॅट दिवसभर बंद. मग दाराला सेन्सर लागतो, हॉलमध्ये कॅमेरा येतो आणि शेवटी एक सायरन जोडला जातो.

आणि इथूनच डोकेदुखी सुरू होते. बसवल्यावर पहिले काही दिवस सायरन ठणठणीत वाजतो. नंतर कधी पाल सेन्सरवरून गेली म्हणून रात्री दोनला बोंब ठोकतो, तर कधी दार सताड उघडलं तरी गप्प बसतो. दोनदा खोटा वाजला की शेजारी वैतागतात. तिसऱ्यांदा कुणी दार उघडून बघतही नाही.

ही अडचण आजची वाटते, पण सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतला एक माणूस याच प्रश्नाशी झगडत होता. त्याच्या कुलपांत ना बॅटरी होती, ना सेन्सर. त्याच्याकडे होतं फक्त लोखंड, पितळ आणि किल्ली. त्याचं नाव अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज.

वकिली सोडली, कारण खोटं बोलायचं नव्हतं

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. वडील बुर्जोरजी जमीन-मालमत्तेच्या व्यवहारात होते. सहा भावंडांत अर्देशीर थोरले. १८९० मध्ये त्यांचं लग्न बचूबाईंशी झालं. वर्षभरातच, एप्रिल १८९१ मध्ये, बचूबाई आणि त्यांच्या नात्यातली एक मुलगी यांचा राजाबाई टॉवरवरून पडून मृत्यू झाला. या प्रकरणानं सगळी मुंबई हादरली होती. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

कायद्याचं शिक्षण पूर्ण झाल्यावर १८९४ मध्ये एका खटल्यासाठी त्यांना झांझिबारला पाठवण्यात आलं. सुरुवात बरी झाली. पण पुढे त्यांच्या लक्षात आलं, की हा खटला जिंकायचा तर सत्याला मुरड घालावी लागेल. त्यांनी नकार दिला, मुंबईला परतले आणि वकिलीला कायमचा रामराम ठोकला.

हातात पदवी आणि कामाचा पत्ता नाही. एका औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून ते रुजू झाले. तिथे त्यांना शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा नाद लागला. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून ३,००० रुपये उसने घेऊन त्यांनी चिमटे, कात्र्या आणि शस्त्रक्रियेच्या सुऱ्या बनवायला घेतल्या. माल चांगला उतरला, पण गिऱ्हाईक अडलं एका शिक्क्यावर. हत्यारांवर भारतात बनवल्याचा शिक्का नको, असं त्याचं म्हणणं होतं. शिक्का काढणार नाही, हे अर्देशीर यांचं. सौदा मोडला आणि धंदाही बसला.

बातमी चोरीची, धंदा कुलपाचा

याच काळात मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली. लोकांनी आपापल्या घरांचा बंदोबस्त नीट करावा, असा पोलिसांचा सल्ला होता. अर्देशीर यांना प्रश्न पडला, की बंदोबस्त करायचा तो कशानं? बाजारात परदेशी कुलपं महाग आणि हाताने बनवलेली देशी कुलपं बेभरवशाची.

ते पुन्हा कामांकडे गेले. आधीचं कर्ज फिटलेलं नसतानाही कामांनी पैसे दिले. ७ मे १८९७ रोजी लालबागमध्ये, गॅस कंपनीच्या शेजारी, २१५ चौरस फुटांच्या एका शेडमध्ये काम सुरू झालं. साधारण आजच्या फ्लॅटमधल्या एका मोठ्या हॉलएवढी ही जागा. गुजरात आणि मलबारकडून आणलेले डझनभर कारागीर आणि वाफेवर चालणारं इंजिन, एवढाच पसारा. पुढे कामांचा पुतण्या बॉइस भागीदार झाला. तो फार काळ टिकला नाही, पण कंपनीच्या नावात गोदरेजच्या शेजारी आजही बॉइस आहे.

हा सगळा गिरणगावचा परिसर. गिरणीच्या भोंग्यावर इथली घरं उठायची आणि जेवायची. भोंगा ठरल्या वेळीच वाजायचा, म्हणून लोक त्याच्यावर विसंबून असायचे. इशारा देणाऱ्या यंत्राची खरी कमाई हा विश्वासच असतो.

कुलूप बिघडतं कुठे?

अर्देशीर यांनी बनवलेली कुलपं लिव्हरची होती. याचं काम समजायला सोपं आहे. कुलपात पितळी पट्ट्यांची एक चळत असते. किल्लीचा प्रत्येक दात एकेका पट्टीला ठरावीक उंचीपर्यंत उचलतो. सगळ्या पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की अडसर सरकतो. एकही पट्टी कमी किंवा जास्त उचलली गेली, तर कुलूप उघडत नाही.

प्रत्येक पट्टीला जागेवर परत ढकलायला एक बारीक स्प्रिंग लागायची. चोरानं हात न लावताही कुलूप बिघडायचं ते इथे. स्प्रिंगवर धूळ बसायची, मुंबईच्या दमट हवेत तिला गंज लागायचा आणि एक दिवस ती तुटायची. मग खरी किल्ली असूनही मालक दाराबाहेर.

अर्देशीर यांनी त्यापेक्षा चांगली स्प्रिंग शोधण्याऐवजी स्प्रिंग लागणारच नाही अशी रचना शोधली. या बिनस्प्रिंगच्या कुलपाला १९०९ मध्ये ब्रिटिश पेटंट मिळालं. सारखा बिघडणारा भाग काढून टाकता आला, तर त्याची दुरुस्ती करायची वेळच येत नाही.

न वाजणारा सायरन

त्यांचं दुसरं काम आपल्या विषयाच्या आणखी जवळचं आहे. त्यांच्या कुलपांमध्ये डिटेक्टर नावाचा एक प्रकार होता. मूळ कल्पना इंग्लंडमधली. तिथे जेरेमाया चब यांनी १८१८ मध्ये असं कुलूप बनवलं होतं.

यात चुकीची किल्ली किंवा तार घालून खुडबुड केली, की कुलूप अडकून बसायचं. मालक घरी येऊन किल्ली फिरवायला गेला की त्याला लगेच कळायचं, कुणीतरी हात लावून गेलंय. आवाज नाही, दिवा नाही, तरी निरोप पोहोचला. आज सायरनच्या डब्यात झाकण उघडताच बोंब ठोकणारं एक छोटं बटण असतं, त्याला टॅम्पर स्विच म्हणतात. कल्पना तीच आहे.

पण इथेही खोट्या इशाऱ्याची अडचण होतीच. मालकाचीच किल्ली वाकली असेल आणि तिनं पट्टी जरा जास्त उचलली, तरी असं कुलूप चोर आल्यासारखं वागू शकतं. म्हणून इशारा मिळाल्यावर पहिला प्रश्न असतो, की बाहेरून कुणी आलंय का आपलंच काही बिघडलंय?

मग आजचा सायरन कसा तपासायचा?

कुलूप उघडेना झालं तर किल्ली, पट्टी, स्प्रिंग आणि अडसर एकेक करून तपासावे लागतात. सायरनचंही तसंच आहे. सेन्सर, मुख्य पॅनेल, वायर, सायरन आणि बॅटरी अशी ही साखळी. एका वेळी एकच कडी तपासायची. आधी वॉचमन आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा, आणि सायरनच्या अगदी जवळ कान नेऊ नका.

सायरन गप्प असेल तर आधी सायरनच चांगला आहे का ते बघा. १२ व्होल्टचा असेल तर पॅनेलपासून सोडवून थेट १२ व्होल्टच्या बॅटरीला क्षणभर जोडा. लाल वायर धनला, काळी ऋणला. वाजला तर दोष पुढे कुठेतरी आहे.

मग अलार्म चालू करून पॅनेलच्या सायरन जोडायच्या जागी मल्टिमीटर लावा. तिथे व्होल्टेजच नसेल तर सायरन सेटिंगमध्ये बंद किंवा सायलेंट असू शकतो, नाहीतर फ्यूज गेलेला असतो. पॅनेलवर १२ व्होल्ट आहेत पण सायरनपाशी कमी भरतात, तर वायर बारीक आणि लांब आहे किंवा जोड सैल आहे. सायरन वाजायला लागताच पॅनेलचंच व्होल्टेज कोसळत असेल, तर नंतर जोडलेला सायरन पॅनेलच्या ताकदीपेक्षा जास्त वीज ओढतोय. त्याला रिले आणि वेगळा वीजपुरवठा लागेल.

वायरलेस सायरन असेल तर त्याची पॅनेलशी जोडणी, बॅटरी आणि मधल्या काँक्रीटच्या भिंती बघा. आणि गुरुवारी वीज गेल्यावरच सायरन मुका होत असेल, तर पॅनेलमधली बॅटरी म्हातारी झाली आहे.

उलट तो विनाकारण वाजत असेल तर डब्याच्या झाकणाचे स्क्रू, आत गेलेलं पावसाचं पाणी, सेन्सरसमोर हलणारा पडदा आणि जाळं विणणारा कोळी, हे सगळे संशयित. २३० व्होल्टच्या बाजूला मात्र हात लावू नका, ते इलेक्ट्रिशियनचं काम.

कुलपापलीकडचे अर्देशीर

कुलपांपाठोपाठ १९०२ मध्ये गोदरेजची तिजोरी बाजारात आली. धाकटे बंधू पिरोजशा धंद्यात आले आणि कारखाना वाढत गेला. १९१८ मध्ये अर्देशीर यांनी जनावराची चरबी न वापरता वनस्पती तेलापासून साबण बनवला. चरबीमुळे साबण टाळणाऱ्या घरांसाठी ही मोठी गोष्ट होती. त्याचं नाव ठेवलं चावी. साबणातही कुलूप सुटलं नाही! १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. १९२८ च्या सुमारास धंदा पिरोजशांच्या हाती सोपवून ते नाशिकला शेती करायला गेले. १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कामाची सगळ्यात कठोर परीक्षा त्यांच्यानंतर झाली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्यानं भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि आसपासचा परिसर जळून गेला. त्या ढिगाऱ्यांतून निघालेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांमधली कागदपत्रं आणि ऐवज शाबूत सापडला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतपेट्या हव्या होत्या, तेव्हा विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यानंही त्या लाखोंनी बनवल्या.

लोकांनी या नावावर भरवसा ठेवला, कारण त्या वस्तू कामाच्या वेळी दगा देत नव्हत्या. चऱ्होलीतल्या फ्लॅटवरच्या सायरनलाही तोच निकष लावायचा. महिन्यातून एकदा, शेजाऱ्यांना सांगून, तो मुद्दाम वाजवून बघा. आणि खोटा वाजला तर बंद करून टाकू नका, का वाजला ते त्याच दिवशी शोधा.