हाडांचा जमाखर्च मांडणारे डॉक्टर : फुलर ऑलब्राइट

पाळी गेल्यावर बाईची हाडं ठिसूळ होऊ शकतात, हे आज घरोघरी माहीत आहे. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी ते डॉक्टरांनाही नीट माहीत नव्हतं. पाठीला पोक आलं की 'वय झालं' म्हणून सोडून दिलं जाई. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉ. फुलर ऑलब्राइट यांनी हाडं ठिसूळ झालेले, पण पासष्टीच्या आतले ४२ रुग्ण बारकाईने पाहिले. त्यातल्या ४० पाळी गेलेल्या स्त्रिया होत्या. म्हणजे दोष नुसत्या वयाचा नव्हता, अंडाशयाचं इस्ट्रोजेन बंद होण्याचा होता. १९४०-४१ मध्ये त्यांनी हे मांडलं आणि त्यांचं नाव झालं.

त्याच काळात ते आणखी एका ग्रंथीच्या मागावर होते. त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

ऑलब्राइट यांचा जन्म १२ जानेवारी १९०० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात झाला. वडील मोठे उद्योगपती. शहराला कलादालन बांधून देण्याइतके. मुलाने मात्र वैद्यकीची वाट धरली. १९२४ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर झाल्यावर ते काही काळ व्हिएन्नात याकोब एर्डहाइम या विकृतिशास्त्रज्ञाकडे शिकले आणि मग बॉस्टनला परतले ते कायमचे.

तिथे त्यांचं कामाचं ठिकाण होतं 'वॉर्ड ४', दहा खाटांचा छोटासा विभाग. रुग्णाने खाल्लेला प्रत्येक घास तोलायचा, लघवी आणि शौच गोळा करून त्यातलं कॅल्शियम, फॉस्फरस, नायट्रोजन मोजायचं. आत किती गेलं, बाहेर किती आलं, शिल्लक काय? दुकानदाराच्या वहीसारखाच हिशेब. नायट्रोजन शिल्लक पडत असेल तर शरीर प्रथिनं बांधतंय. जास्त बाहेर जात असेल तर मोडतंय. हाडाचा सांगाडाही प्रथिनांचाच असतो, कॅल्शियम त्यावर नंतर बसतं. म्हणून ही वही हाडांबद्दलही बोलायची.

आता ती दुसरी ग्रंथी. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी बसलेली असते. तिच्या बिघाडाचे दोन प्रकारचे रुग्ण ऑलब्राइट यांच्या डोळ्यांसमोर होते. एक कुशिंग सिंड्रोमचे : चेहरा सुजल्यासारखा गोल, कातडी कागदासारखी पातळ, दंड-मांड्या वाळलेल्या, मणके खचलेले. दुसऱ्या प्रकारात लहान मुली, ज्यांच्या अंगावर पुरुषासारखे केस येत, स्नायू भरत, हाडं वयाच्या मानाने लवकर पक्की होत. ग्रंथी तीच, परिणाम अगदी उलटे. मग तिच्यातून दोन वेगळी संप्रेरकं निघत असली पाहिजेत, असा तर्क त्यांनी केला. एक प्रथिनं मोडून साखर करणारं. आज आपण त्याला कॉर्टिसॉल म्हणतो. दुसरं नायट्रोजन राखून शरीर बांधणारं, म्हणजे अँड्रोजेन. कुशिंगच्या रुग्णांना टेस्टोस्टेरॉन टोचून पाहिलं, तर वहीतली नायट्रोजनची शिल्लक वाढली.

ज्या मुलींचे अंडाशय जन्मापासूनच निकामी, त्यांनाही वयात येताना काखेत आणि जांघेत थोडे केस येतात, हेही त्यांनी हेरलं. ते अ‍ॅड्रिनलच्या अँड्रोजेनमुळे. या टप्प्याला आज 'अ‍ॅड्रिनार्की' म्हणतात. या नावाचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं.

(माणूस दिलदार होता. १९४२ मध्ये हॅरी क्लाइनफेल्टर या तरुण डॉक्टरचं नाव त्यांनी एका शोधनिबंधात स्वतःच्या आधी घातलं. तो विकार आज क्लाइनफेल्टरच्याच नावाने ओळखला जातो.)

ऑलब्राइट यांचं सगळंच बरोबर निघालं नाही. इस्ट्रोजेन कमी झालं की नवं हाड बनणं थांबतं, असं त्यांना वाटे. प्रत्यक्षात जुनं हाड झिजण्याचा वेगच जास्त वाढतो, हे पुढे दिसलं. अ‍ॅड्रिनलची गोष्टही त्यांना वाटली तेवढी सरळ नव्हती. तिचं मुख्य अँड्रोजेन डीएचईए. विशीत ते भरपूर असतं, सत्तरी-ऐंशीपर्यंत त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी उरतं. ते स्वतः अशक्तच. पण चरबीत, हाडात त्याचं रूपांतर टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेनमध्ये होतं. पाळी गेलेल्या बाईच्या अंगात जे थोडं इस्ट्रोजेन उरतं, ते बहुतेक याच वाटेने आलेलं असतं. दमा किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणाऱ्यांना म्हणूनच दुहेरी फटका बसतो : औषध हाड पोखरतं आणि अ‍ॅड्रिनलचं स्वतःचं अँड्रोजेनही दाबून टाकतं. म्हणून डीएचईएच्या गोळ्या घ्याव्यात का? चाचण्यांमध्ये वयस्क स्त्रियांच्या कण्याला थोडा फायदा दिसला, पुरुषांमध्ये तसा खात्रीचा नाही. अमेरिकेत त्या पूरक आहार म्हणून दुकानात मिळतात, तरी हाडांचं मान्य औषध त्या नव्हेत. डॉक्टरांना न विचारता त्या घेऊ नयेत.

हे सगळं काम करताना ऑलब्राइट स्वतः आजारी होते. पस्तिशीच्या आसपासच त्यांना पार्किन्सन्सने गाठलं होतं. हात थरथरत, बोलणं अस्पष्ट होई, लिहिणं अवघड झालं. तरुण सहकारी त्यांना गाडीने नेत-आणत, त्यांच्यासाठी लिहून घेत. अशा अवस्थेत १९४८ मध्ये त्यांनी एडवर्ड रायफनस्टाइन यांच्यासोबत पॅराथायरॉइड ग्रंथी आणि हाडांच्या विकारांवर जाडजूड ग्रंथ काढला. एका पिढीतले डॉक्टर त्यावर शिकले.

१९५६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला मेंदूवरची शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा ती अगदी नवी होती. मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यांची वाचा गेली. ज्या हॉस्पिटलात आयुष्यभर रुग्ण तपासले, तिथेच ते रुग्ण म्हणून तेरा वर्षं पडून होते. त्याच काळात, १९६० मध्ये, फ्रान्सच्या एत्येन-एमिल बोल्यू यांनी अ‍ॅड्रिनलमधून डीएचईए सल्फेट स्रवतं हे दाखवून दिलं. ऑलब्राइट ८ डिसेंबर १९६९ रोजी गेले.