चाळिशीतली सायकलस्वार

चाळिशी जवळ आली की बाईचे काही नवे करण्याचे वय सरले, असे आपल्याकडे सर्रास समजतात. नेमक्या त्याच वयात फॅनी बुलक वर्कमन ही अमेरिकन स्त्री सायकलवरून हिंदुस्थान पाहण्यास निघाली.

तिचा जन्म १८५९ साली मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे झाला. वडील त्या राज्याचे गव्हर्नर, पती विल्यम डॉक्टर. घरी पैशाला तोटा नव्हता. १८९५ मध्ये या दांपत्याने सायकलवरून स्पेन पालथा घातला. १८९७ नंतर हिंदुस्थानच्या दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंतचा प्रवास झाला. एकूण रपेट सुमारे १४,००० मैलांची! अंगात लांब झगा, रात्री रेल्वे स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये मुक्काम, कधी अन्नपाण्यावाचून उपास. एखाद्या दिवशी तर चाळीसपर्यंत पंक्चर काढावे लागत. पण जुनी देवळे पाहण्याची ओढ मोठी होती.

पुढे तिला हिमालयाने वेड लावले. १९०६ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिने नुनकुन पर्वतातील पिनॅकल हे सुमारे २२,७०० फूट उंचीचे शिखर सर केले.

तिचे सगळेच अनुकरणीय होते असे नाही. हमालांशी ती करडेपणाने वागे. लेक रेचेल दाया आणि वसतिगृहांच्या हवाली असे.

१९२५ मध्ये फ्रान्समध्ये तिचे निधन झाले. मृत्युपत्रात तिने चार महिला महाविद्यालयांना देणगी ठेवली होती. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून चौदा हजार मैलांपेक्षा मला ही देणगी मोठी वाटते.

(द्वितीय वर्ष, कला)