पंडिता रमाबाई : व्यक्तित्व आणि सदसद्विवेक

ख्रिस्ती नीतिचिंतनातील व्यक्तित्ववादाची चर्चा बहुधा एमान्युएल मूनिये आणि त्याने १९३२ मध्ये काढलेले एस्प्री हे नियतकालिक येथून आरंभिली जाते. माणूस कोणत्याही संस्थेचे साधन नव्हे आणि त्याचा सदसद्विवेक दुसऱ्याच्या स्वाधीन करता येत नाही, ही त्या विचाराची पायाभूत भूमिका होय. जवळजवळ पन्नास वर्षे आधी एका मराठी विदुषीने ती आपल्या आयुष्याच्या पणाला लावली होती.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म १८५८ चा. आईकडून मिळालेले संस्कृत, दुष्काळात गेलेले मातापिता, १८७८ मधील कलकत्त्याचा गौरव, १८८२ मधील वैधव्य, हा भाग सुपरिचित आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधील फुलम येथे वाँटेजच्या भगिनींचा एक आश्रम होता. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे माणूस म्हणून वागविले जाताना त्यांनी प्रथमच पाहिले. ओढ तेथून लागली. बुद्धीची खात्री पटली ती नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाने. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नीती आधी आणि सिद्धांत मागाहून, हा क्रम लक्षणीय वाटतो.

खरा संघर्ष त्यानंतर उभा राहिला. चेल्टनम येथील महिला महाविद्यालयात शिकत असताना त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांनी शंका उपस्थित केल्या. त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही, यावर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी प्रतिकूल मत दिले. (आज चंदीगढ ज्या भूभागात आहे, तो त्या वेळी लाहोरच्याच धर्मप्रांतात मोडत असे.) गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. धर्ममाता जेराल्डीन यांना या साऱ्यात अहंकार दिसला. रमाबाईंचे म्हणणे निराळे होते : एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणे हा ईश्वराने दिलेल्या विवेकाचाच द्रोह ठरेल. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादिलेला हा पत्रव्यवहार मूळातून वाचावा असा आहे. त्यात आज्ञाभंगाची हौस कोठेही आढळत नाही. आढळते ती उत्तरदायित्वाची जाणीव.

परंतु या भूमिकेची कसोटी पुण्यात लागली. १८८९ मध्ये मुंबईस स्थापन झालेले शारदासदन पुढील वर्षी पुण्यास आले. रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही बालविधवा तेथे येऊन बसत. त्यांना अडविणे रमाबाईंना विवेकस्वातंत्र्याशी विसंगत वाटले. रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी १८९३ मध्ये अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. सल्लागारांचा आक्षेप निव्वळ सनातनीपणाचा होता असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. जिचे अन्न, वस्त्र आणि विद्या एकाच व्यक्तीकडून येते, त्या मुलीची निवड कितपत मुक्त असते? आपल्याला आश्रय देणाऱ्या भगिनींपुढे रमाबाईंनी स्वतः जो प्रश्न मांडला होता, तो येथे त्यांच्याच दाराशी आला, आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्यांच्या चरित्रात सापडत नाही.

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळग्रस्त स्त्रिया आल्या. अखेरच्या वर्षांत रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर करीत होत्या. त्याचे खिळे तेथील स्त्रियाच जुळवीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा भाषांतराचे काम हातावेगळे झालेले होते.